खान्देशातला उन्हाळा, पावसाळा आणि आरोग्याच्या अफवा: कोणत्या फॉरवर्डला आधी हात घालायचा?

गटप्रवर्तक_यावल

मार्च लागला की गावोगावच्या ग्रुपवर उन्हाचे मेसेज फिरायला लागतात. पावसाळ्यात डेंग्यूचे येतात आणि एखादी साथ आली तर रोज नवीन. प्रत्येकाला उत्तर द्यायला आशाताईंकडे वेळ नाही आणि तशी गरजही नाही. म्हणून छाननीसाठी मी एकच प्रश्न सुचवते: हा मेसेज खरा मानला तर पेशंट दवाखान्यात उशिरा पोचेल का, किंवा चालू उपचार बंद पडेल का? उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी त्यावर बोलायचं. 'नाही' आलं तर सोडून द्यायचं.

दर मे महिन्यात फिरणारा 'इक्विनॉक्स'चा मेसेज घ्या. विषुवदिन २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास असतो, मे महिन्यात नाही. म्हणजे कारण साफ खोटं. पण त्यातला सल्ला काय, तर १२ ते ३ घरात थांबा आणि पाणी प्या. त्याने कोणाचं नुकसान होत नाही. याउलट 'उन्हातून आल्यावर थंड पाणी पिऊ नका, हातपाय धुऊ नका, अर्धा तास थांबा, नाहीतर रक्तवाहिन्या फुटतात' हा मेसेज आपल्याकडे सगळ्यात घातक. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि ऊन लागलेल्या माणसाच्या अंगावर पाणी टाकायला घरचेच घाबरतात.

तुमच्या तालुक्यात या प्रश्नात बसणारे मेसेज कोणते आणि त्यांना उत्तर कसं देता ते लिहा. अनुभवकथन नको. कामाला येईल असं लिहा, आशाताईंना वाचून दाखवायचं आहे.

---

एमओ_पीएचसी

ताई, थंड पाण्याच्या मेसेजपासूनच सुरुवात करतो, कारण उष्माघातात उपचार म्हणजेच थंडावा. बाकी सगळं नंतर.

उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत मेंदूवर परिणाम: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, झटके, बेशुद्धी. अंग कोरडंच असेल असं नाही. शेतात किंवा बांधकामावर राबताना ऊन लागलेल्याला भरपूर घामही असतो, आणि 'घाम येतोय म्हणजे ऊन लागलं नाही' ही समजूत त्याच्या जिवावर उठते.

एकाने १०८ लावायचा, बाकीच्यांनी त्याच वेळी कामाला लागायचं. सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा, हाताशी असेल ते पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. ओलं अंग आणि वारा हे दोन्ही एकत्र लागतं. नुसती ओली चादर गुंडाळून ठेवली तर ती गरम होते आणि आतली उष्णता कोंडते. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघेत ठेवा. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही, गाडीतही चालू ठेवायचं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या आसपास आलं तर मेंदू, मूत्रपिंड, यकृत वाचण्याची शक्यता खूप वाढते. मेसेज नेमका तोच अर्धा तास खातो.

दोन गोष्टी करू नका. पेशंट पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी, पन्हं, साखरपाणी काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. आणि पॅरासिटामॉल देऊ नका. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतलं तापमानाचं केंद्र वरच्या आकड्यावर सरकलेलं असतं, गोळी ते खाली आणते. उष्माघातात ते केंद्र सरकलेलं नसतं, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच ताणलेल्या यकृतावर भार.

रक्तवाहिन्या फुटण्याबद्दल: प्यालेलं पाणी पोटात जाऊन लवकरच अंगाच्या तापमानाला येतं, त्याने रक्तवाहिनी फुटत नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाने उन्हातून येऊन माठातलं पाणी खुशाल प्यावं.

---

निंबादैवत

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, हा कोणत्या खात्यात? माझ्या मते सोडून द्यायच्या.

---

एमओ_पीएचसी

नाही भाऊ. खिशात कांदा आहे म्हणून माणूस भर दुपारी १ वाजता निंदणीला थांबत असेल, तर कांदा 'हो'च्या खात्यात जातो. जेवणात कांदा, कैरीचं पन्हं, ताक घ्या, चांगलंच आहे. खिशातला कांदा घामही आणत नाही आणि उष्णताही शोषत नाही. मजुरांशी बोलताना कांद्याची टिंगल करू नका. 'कांदा ठेवायचा तर ठेवा, पण ११ ते ४ काम बंद आणि दर २० मिनिटांनी पाणी' एवढं सांगा. माणूस कांदा सोडणार नाही, पण पाणी पिईल.

---

गटप्रवर्तक_यावल

हे चांगलं झालं. म्हणजे मेसेजमध्ये काय लिहिलंय यापेक्षा तो वाचून माणूस काय करतो, ते पाहायचं.

---

सूक्ष्मदर्शक

डेंग्यूच्या अफवांबद्दल प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो, कारण निम्म्या अफवा रिपोर्टच्या कागदावरून सुरू होतात.

पहिली: 'एका लॅबने ४० हजार प्लेटलेट सांगितल्या, दुसरीने ९० हजार, सगळे लुटतात.' फरक खराच पडतो आणि त्याला कारण आहे. रक्त ज्या बाटलीत घेतात तिच्यातल्या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे (ईडीटीए) काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन पेशी आकारावरून मोजतं, त्यामुळे अख्खा गठ्ठा प्लेटलेट म्हणून धरलाच जात नाही. रक्त घेताना सुई नीट न लागणं, बाटली उलटसुलट करून नीट न मिसळणं, यानेही गठ्ठे होतात. आकडा आणि पेशंटची तब्येत जुळत नसेल तर स्लाइड करून डोळ्यांनी पाहायला सांगा. शंभरच्या भिंगाखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजायच्या, सरासरी काढायची आणि तिला १५ हजाराने गुणायचं. दर ठिकाणी ६ दिसल्या तर साधारण ९० हजार. कडेला गठ्ठे दिसले तर रिपोर्टवर तसं लिहायलाच हवं.

दुसरी: 'सरकार आकडे लपवतं.' खासगीत होते ती बहुतेक कार्ड टेस्ट, पंधरा-वीस मिनिटांची. सरकारी मोजणीत डेंग्यू पक्का धरतात तो प्रयोगशाळेतल्या एलायझा या रक्ततपासणीवर. तापाच्या पहिल्या ५ दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन) शोधतात, त्यानंतर आयजीएम (शरीरात तयार होणारं प्रतिपिंड). म्हणून गावात कार्डवर वीस 'पॉझिटिव्ह' आणि सरकारी यादीत चार, असं होऊ शकतं. यात लपवाछपवी असलीच पाहिजे असं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. हे आरोग्य खात्याने जूनमध्येच ग्रामसभेत सांगावं. साथ भरात आल्यावर सांगितलं तर तो बचाव वाटतो.

तिसरी: 'कार्ड निगेटिव्ह आलं, डेंग्यू नाही.' पाचव्या-सहाव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह येतो आणि आयजीएम अजून पुरेसं वाढलेलं नसतं, अशी मधली खिंड असते. निगेटिव्ह कागद पाहून पेशंट घरी नेणं, हे ताईंच्या प्रश्नात बसतं.

---

एमओ_पीएचसी

वरच्याला जोड देतो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेटच्या आकड्याने नाही. रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब पडतो, त्याने दगावतो. आणि हे कधी होतं? साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतो तेव्हा. घरचे म्हणतात ताप गेला, बरा झाला. त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, बेचैनी किंवा गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर तास न घालवता दवाखाना. ताप उतरल्यापासून पुढचे २४ ते ४८ तास जागरूक राहायचे.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज विचारतात. काही लहान अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या, पण त्याने झिरपणं थांबतं किंवा मृत्यू टळतात असा पुरावा नाही. माझा विरोध रसाला फारसा नाही. रस पिऊन उलट्या वाढल्या आणि पोटात पाणी टिकेनासं झालं, तर ते वाईट. बकरीचं दूध, किवी यांचंही तेच. किवीला जे पैसे जातात त्यात नारळपाणी, ओआरएस, पेज भरपूर होते.

रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या वर प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. ५० हजार दिसल्या की 'पिशवी लावा' म्हणून डॉक्टरच्या मागे लागू नका.

---

मेडिकल_चोपडा

काउंटरवर येणाऱ्या फॉरवर्डपैकी दोन घेतो.

एक, 'पी/५०० लिहिलेली पांढरी चमकदार पॅरासिटामॉल घेऊ नका, तिच्यात माचुपो विषाणू आहे.' हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. माचुपो विषाणू दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियाकडे सापडतो आणि तिथल्या एका जातीच्या उंदरांमार्फत पसरतो. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते, कोरड्या दाबलेल्या गोळीत तो जगणार नाही. आता नुकसान बघा. डेंग्यूच्या तापात चालणारी गोळी हीच. ही नको म्हणून लोक आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅस्पिरिनची गोळी मागतात, आणि डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. म्हणून हा मेसेज आमच्या दुकानात सगळ्यात वरच्या खात्यात आहे.

प्रौढाला ५०० ते ६५० मिलीग्रॅम, दोन डोसांत ६ तास. सर्दी-खोकल्याच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो. मुलांना दर किलो वजनाला १० ते १५ मिलीग्रॅम. खरी गडबड सिरपमध्ये होते. ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५० अशा दोन ताकदींच्या बाटल्या मिळतात, वर थेंबांची बाटली वेगळी, तिच्यात १ मिलीत १००. दहा किलोच्या मुलाचा १५० मिलीग्रॅमचा डोस पहिलीतून ६ मिली, दुसरीतून ३ मिली, थेंबांच्या बाटलीतून दीड मिली. शेजारच्या बाईने 'एक चमचा दे' सांगितलं, पण कोणत्या बाटलीचा ते सांगितलं नाही. बाटलीवरचा आकडा वाचून, सोबतच्या मापानेच द्या.

दोन, डॉक्टरने एका पेशंटला दिलेली चिठ्ठी दहा मोबाइलवर. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत हे फार झालं. डेक्सामिथॅसोन या स्टेरॉइडचा कोविडमध्ये फायदा २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसला तो ६ मिलीग्रॅम रोज, जास्तीत जास्त १० दिवस, आणि फक्त ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांत. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसला नाही, उलट धोक्याची शक्यता दिसली. फॉरवर्ड झालेल्या चिठ्ठीतून ही अट गळून पडली. लोकांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच स्टेरॉइड सुरू केलं, साखर वाढली, आणि बेसुमार स्टेरॉइड व वाढलेली साखर या जोडीने म्युकरमायकोसिसला (काळी बुरशी) वाट करून दिली. चिठ्ठी खोटी नव्हती, औषध खरं होतं. म्हणून म्हणतो, संपूर्ण खोट्यापेक्षा अट गळलेलं खरं जास्त सांभाळायला हवं. ग्रुपवर चिठ्ठीचा फोटो दिसला की अॅडमिनने तो लगेच काढावा, चर्चा नंतर.

ओआरएसबद्दल थोडक्यात. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट ग्लासात, उरलेलं संध्याकाळी, असं नको. घट्ट झालं तर जुलाब वाढतात आणि रक्तात मीठ चढतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. २०२५ मध्ये अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने (एफएसएसएआय) पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली ती यासाठीच. लहान मुलांना सोबत झिंक, सहा महिन्यांवरील मुलांना २० मिलीग्रॅम, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस.

---

धडगावकर

खाली जळगाव-धुळ्याला चालतं ते वर सातपुड्यात चालत नाही. धडगाव-अक्कलकुव्यात बऱ्याच पाड्यांना रेंज नाही. अफवा मोबाइलवरून बाजारापर्यंत येते, बाजारातून पायी पाड्यावर जाते, तोवर ती भिलीत किंवा पावरीत बोलली गेलेली असते. मराठीतलं पत्रक तिथे पोचलं तरी ते कोण वाचणार?

लसीबद्दल सांगतो. 'सुई घेतली की माणूस आजारी पडतो' ही अफवा पूर्ण निराधार नाही, कारण लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी बऱ्याचदा येते. ते आधी सांगितलं नाही तर ताप हा अफवेचा पुरावा होतो. सांगितलं तर तोच ताप अपेक्षेप्रमाणे आलेला ठरतो. म्हणून क्रम असा ठेवा: टोचण्याआधी 'उद्या ताप येईल, परवा जाईल, ही गोळी घ्या' हे त्यांच्या बोलीत. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं. दुसऱ्या दिवशी आशा किंवा अंगणवाडीताईची घरी चक्कर. ही चक्कर चुकली तर पुढच्या सत्राला निम्मी माणसं येत नाहीत.

शाळेत गोवर-रुबेलाची लस देताना मुलं रांगेत एकामागोमाग चक्कर येऊन पडतात, तेव्हा बाहेर 'लस खराब निघाली' अशी आवई उठते. बऱ्याचदा ती भीतीची प्रतिक्रिया असते, उपाशीपोटी जास्त. उपाय साधे आहेत. मुलांना आधी खायला द्या. टोचायची खोली वेगळी ठेवा, रांगेतल्या मुलाला सुई दिसू देऊ नका. चक्कर आलेल्याला आडवं करून पाय वर करा आणि रांगेपासून दूर न्या. आणि पालकांना आदल्या दिवशी बोलवा.

लस घेतलेला माणूस पंधरा दिवसांनी दुसऱ्या कारणाने वारला तरी ती बातमी पसरते. अशा वेळी ग्रामपंचायतीत सूचना लावून काही होत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने त्या घरी जाऊन बसायचं, ऐकून घ्यायचं, आणि लसीनंतरच्या घटनेची नोंद रीतसर करायची. नोंद टाळली तर लोकांचा संशय रास्तच ठरतो.

वेळेचंही बघा. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला माणसं जातात, होळीला परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात जेवढे पाडे एकत्र भेटतात तेवढे एरवी भेटत नाहीत. माहिती द्यायची तर ती तिथे, ढोल सुरू होण्याआधी सकाळी.

---

निंबादैवत

आणि भगत? त्याच्याकडे आधी नेतात. त्याचं काय करायचं?

---

धडगावकर

त्याच्याशी भांडून पेशंट त्याच्याकडे जायचा थांबत नाही, फक्त आपल्यापासून लपवला जातो. भगताला चार खुणा पाठ करून द्या: मूल पीत नाही, झटके, श्वास जोरात चालतो, गुंगी. 'तुमचं काम करा, पण यातलं एक दिसलं की आधी गाडी.' काही भगत हे करतात. जो करत नाही त्याच्या पाड्यावर आशाची चक्कर वाढवायची. मात्र चटके देणं किंवा सापाच्या दंशावर मंतरणं चालू असेल तर तिथे समजुतीची भाषा पुरे, पोलीस पाटलाला सांगायचं.

---

अॅडमिन_शिरपूर

ग्रुपच्या यंत्रणेचं मी लिहितो.

मेसेजवर दुहेरी बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं तर तो निदान पाच हातांतून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, हे बंधन एप्रिल २०२० पासूनचं. पण मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा फोटो सेव्ह करून नव्याने टाकला तर बाण जातो. म्हणून बाण नाही म्हणजे खात्रीचा, असं धरू नका.

तपासताना आधी तारीख शोधा. खोट्या मेसेजात 'उद्यापासून', 'आत्ताच टीव्हीवर' असतं, तारीख नसते, म्हणून तो दरवर्षी ताजा वाटतो. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका, जुना किंवा परदेशातला असेल तर बहुधा मिनिटात कळतं. व्हिडिओ असेल तर तो थांबवून ठळक चौकटीचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो टाका. आवाजाची क्लिप शोधता येत नाही. तिच्यातले ठळक पाच-सहा शब्द आणि पुढे 'फॅक्ट चेक' असं लिहून शोधा. केंद्र सरकारच्या योजना किंवा आदेशाबद्दल असेल तर पीआयबी (केंद्राचं माहिती कार्यालय) फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअॅपवर पाठवा. स्थानिक साथीची बातमी असेल तर ते उत्तर देणार नाहीत, त्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी. आरोग्य सल्ल्याला १०४.

अॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. पण नुसता पुसला तर 'दाबलं' म्हणतात. पुसा, आणि लगेच त्याच जागी दोन ओळी टाका. आधी बरोबर काय ते, मग का. 'ऊन लागलं तर अंगावर पाणी टाका. ते न टाकण्याचा मेसेज चुकीचा आहे.' खोटा मेसेज लाल फुली मारून पुन्हा टाकू नका. फुली राहते मागे आणि मजकूर पुढे जातो.

टाकणारे बहुधा घरातले मोठे असतात. नानांना, अप्पांना चारचौघांत खोटं पाडू नका. आधी खासगीत फोन: 'अप्पा, तुमचा मेसेज पाहिला, डॉक्टरांना विचारलं, असं असं आहे. तुम्हीच दुरुस्ती टाकता का?' त्यांनी स्वतः टाकलेली दुरुस्ती आपल्या दहा मेसेजांपेक्षा जास्त लोक वाचतात.

साथ चालू असताना ग्रुपच्या परवानग्यांत जाऊन मेसेज पाठवणं फक्त अॅडमिनपुरतं ठेवता येतं. कायमचं ठेवू नका. लोक दुसरा ग्रुप काढतात आणि तो आपल्याला दिसत नाही.

---

पांझरा

हे सगळं मवाळ वाटतं मला. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला काय झालं ते धुळे जिल्ह्याला सांगायला नको. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर भिक्षुकी करणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, पण माणसं गेल्यावर. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४: आपत्तीबद्दल घबराट पसरवणारी खोटी सूचना दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कायदा आहे तर वापरा.

---

गटप्रवर्तक_यावल

पांझराभाऊ, राईनपाडा कोणी विसरू नये. अफवेने माणसाकडे बोट दाखवलं, मग तो भटका असो, एखादा मोहल्ला असो की कोविडमध्ये बाधित घर असो, तर तिथे माझा दवाखान्याचा प्रश्न लावायचाच नाही. सरळ पोलीस पाटील आणि ११२. त्यात मिनिटभरही चर्चा नको.

पण ताप-उन्हाच्या मेसेजला गुन्ह्याची भीती घातली तर लोक आशाला विचारणंच बंद करतात. 'आमच्या गल्लीत पाच जणांना ताप आहे' हे सांगणाराही गप्प बसतो, अफवा पसरवली म्हणतील म्हणून. साथीची पहिली खबर बहुतेक वेळा अशीच, अर्धवट आणि घाबरलेली येते. ती आरोग्यसेवकापर्यंत आली पाहिजे, तो ती आयएचआयपी या साथरोग नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवतो आणि पथक येतं. बनावट औषध विकणारा आणि घाबरून फॉरवर्ड करणारी सुनबाई यांना एकच कायदा लावू नये. विकणाऱ्यावर जरूर करा, जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहेच.

---

पांझरा

विकणाऱ्याचं आणि माणसाकडे बोट दाखवणाऱ्याचं मान्य. बाकीच्यांना निदान ग्रुपवर एकदा ताकीद असावी, एवढं म्हणणं कायम.

---

नवापूरकर

कुक्कुटपालनाचं लिहितो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निष्पन्न झाला. तेव्हा भारतात माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा पक्षी मारावे लागले. मधे २०२० च्या सुरुवातीला तर कोंबडीत कोरोना नसताना फक्त फॉरवर्डमुळे भाव कोसळला.

अफवेत नेहमी खाणाऱ्याला घाबरवतात. धोका असतो तो शेडमध्ये काम करणाऱ्याला आणि आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, आणि त्याच्याबद्दल मेसेज कोणी पाठवत नाही. ७० अंशांवर सगळीकडून शिजलेल्या मांसात, अंड्यात विषाणू टिकत नाही, आपला रस्सा तर उकळतो. पण मेलेली कोंबडी स्वस्तात मिळाली म्हणून घरी सोलणं नको. शेडमध्ये अचानक मर दिसली तर पक्षी उकिरड्यावर किंवा नाल्यात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अफवेच्या भीतीने भाव पडेल म्हणून शेतकरी मर लपवतो आणि त्यामुळेच रोग पुढच्या शेडमध्ये जातो. खोट्या मेसेजचं हे नुकसान कोणी मोजत नाही.

---

सावद्याची_केळी

आमच्याकडेही तसंच. 'सोमालियाहून आलेल्या केळ्यांत हेलिकोबॅक्टर नावाचा किडा आहे' असा व्हिडिओ येतो. हेलिकोबॅक्टर हा किडा नाहीच, पोटात राहणारा जिवाणू आहे, डोळ्यांना दिसत नाही. आणि २०२० मध्ये उलटं होतं, केळी खाल्ल्याने कोरोना होत नाही म्हणून. तेव्हा तो आपल्या फायद्याचा होता, तरी रावेर-यावलच्या लोकांनी तो पुढे ढकलायला नको होता.

---

वर्गखोली_पाचोरा

ड्रमचं कोणी लिहिलं नाही. आपल्या शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी साठवण. डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्याच पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. 'डास गटारीत होतात' या समजुतीने लोक गटारीवर पावडर मागतात आणि ड्रम तसाच राहतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आतून घासायचं. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर.

---

सूक्ष्मदर्शक

आणि 'अॅबेट म्हणजे पाण्यात विष' ही अफवा. सिमेंटची मोठी टाकी रिकामी करता येत नाही तिथे अॅबेट, म्हणजे टेमेफॉस, घालतात. प्रमाण १ लिटरला १ मिलीग्रॅम. १ टक्का दाणेदार असेल तर २०० लिटरच्या ड्रमला २० ग्रॅम. या प्रमाणात पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. घालायचं काम आरोग्यसेवकाचं, घरी अंदाजाने नको. ज्याला नकोच असेल त्याने टाकीच्या तोंडाला दाट कापड दोरीने घट्ट बांधावं किंवा डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. कापड सैल असेल तर मधे खोलगट होऊन त्यावरच पाणी साचतं.

---

गटप्रवर्तक_यावल

आशाताईंच्या मोबाइलसाठी क्लिप करायची आहे. तीस-चाळीस सेकंद, अहिराणीत, बाईच्या आवाजात. एका क्लिपमध्ये एकच काम. उन्हाची अशी लिहिली आहे, तपासा:

'ऊन लागनं, मानूस बरळाले लागना ते वाट दखू नका. एकजन १०८ ले फोन लावा, दुसरा आंगवर पानी टाका, तिसरा वारा घाला. पानी टाकाले भ्याऊ नका. शुद्धीवर नही ते तोंडमा पानी घालू नका. गाडी येस तवलोंग पानी टाकतच ऱ्हा.'

---

एमओ_पीएचसी

वैद्यकीयदृष्ट्या बरोबर. 'सावलीमा लई जा' सुरुवातीला घाला. आणि क्लिपच्या शेवटी पीएचसीचं नाव आणि महिना बोलून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ती कोणाची आणि कधीची ते कळेल.

---

धडगावकर

पावरी आणि भिलीत मी करून घेतो. भोंगऱ्याआधी दोन्ही पाठवतो, ब्लूटूथवर देता येतील अशा लहान फाइलमध्ये. डेंग्यूची क्लिप वेगळी करा, तिच्यात फक्त 'ताप उतरल्यावरचे दोन दिवस' एवढंच ठेवा.